काबूलची सत्ता, दिल्लीचा पेच

९ ऑक्टोबर २०२५ रोजी अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत उतरले. हे वाक्य लिहिले आणि पहिल्याच ओळीत अडचण आली. त्यांना ‘अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री’ म्हणावे की ‘तालिबानचे’? आपल्या परराष्ट्र खात्याने त्यांना अफगाण परराष्ट्रमंत्रीच म्हटले; पण ज्या सरकारचे ते मंत्री, त्या सरकारला भारताने मान्यता दिलेली नव्हती. त्यांचे नाव युनोच्या निर्बंधांच्या यादीत, त्यामुळे दिल्लीला यायला त्यांना सुरक्षा समितीची खास परवानगी काढावी लागली होती. दिल्लीतील अफगाण वकिलातीवर जुन्या प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा होता आणि आत पत्रकारांसमोर बसताना पाहुण्यांनी टेबलावर आपला छोटा पांढरा झेंडा मांडला. एकाच इमारतीचे हे दोन झेंडे म्हणजेच आपल्या परराष्ट्र धोरणापुढचा पेच.

बंदुकीच्या जोरावर एखादी संघटना दुसऱ्या देशाची सत्ता काबीज करते, तेव्हा शेजाऱ्यांनी काय करावे? तिला सरकार म्हणून मानावे, तर तिच्या कृत्यांवर आपण शिक्का मारल्यासारखे होते. न मानावे, तर रस्ते, सीमा, विमानतळ, तुरुंग सगळे तिच्याच हातात. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही स्थिती. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या आमच्या पाठ्यपुस्तकात ‘मान्यता’ या प्रकरणाला थोडीच पाने आहेत आणि ती परीक्षेपुरती वाचली जातात. पण अफगाणिस्तानचे उदाहरण समोर ठेवले की ती पाने बोलू लागतात.

माझ्या घरी आंतरराष्ट्रीय कायदा कोणाला ठाऊक नाही, पण सातबारा सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीवर कब्जा एकाचा आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट खेड्यात नवी नाही. अशा वेळी शेजारचा शेतकरी काय करतो? कब्जा करणाऱ्याला तो मालक म्हणत नाही. पण बांध फुटला, पाटाचे पाणी अडले, गुरे पिकात शिरली, तर बोलायला त्याच्याकडेच जावे लागते. सातबाऱ्यावर नाव असलेला मूळ मालक शहरात बसलेला; त्याच्याशी बोलून बांध नीट होत नाही. राष्ट्रांचेही असेच आहे. अफगाणिस्तान हे राज्य आहे याबद्दल कोणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या नावाने सही कोणी करायची याबद्दल. या सहीची नोंद करणारा तलाठी म्हणजे युनोची अधिकारपत्रे तपासणारी नऊ सदस्यांची समिती. २०२१ मध्ये काबूल पडले त्या वर्षी तालिबानने आपला माणूस पुढे केला, जुन्या सरकारचा प्रतिनिधी खुर्चीवर होताच, आणि समितीने निर्णय पुढे ढकलला. नंतरच्या वर्षांतही तेच. फेरफार काही मंजूर होईना!

कब्जा पाहावा की सातबारा, या प्रश्नावर राष्ट्रांचे एकमत कधीच नव्हते. खुद्द भारतानेही निरनिराळ्या वेळी निरनिराळे उत्तर दिले आहे. चीनमध्ये माओंची सत्ता आली, तेव्हा पं. नेहरूंच्या सरकारने ३० डिसेंबर १९४९ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, तिला मान्यता दिली. प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे पाहून दिलेली ती मान्यता होती. अमेरिकेला तीच गोष्ट करायला १९७९ साल उजाडले. कंबोडियाचे उदाहरण तर याहून विचित्र आहे. पोल पॉटच्या खमेर रूजची राजवट जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी उलथून टाकली. तरी युनोतील खुर्ची पुढे कित्येक वर्षे त्याच पक्षाच्या हाती राहिली, कारण नवी राजवट परकीय फौजेच्या बळावर आली असे बहुसंख्य राष्ट्रांचे म्हणणे होते. भारताने मात्र १९८० मध्ये हेंग सामरिन यांच्या नव्या सरकारला मान्यता दिली. लाखो लोकांच्या मरणाला जबाबदार असलेल्यांचे नाव सातबाऱ्यावर ठेवून ‘आम्ही तत्त्वाने वागतो’ असे जग म्हणत होते! मान्यता न देणे म्हणजे आपोआप नीतीने वागणे, असा समज करून घेण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

आता अफगाणिस्तानकडे वळू. तालिबान पहिल्यांदा काबूलमध्ये शिरले ते सप्टेंबर १९९६ मध्ये. युनोच्या कचेरीत आश्रयाला असलेले माजी राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांना त्यांनी बाहेर ओढून ठार केले आणि प्रेत चौकात टांगले. भारताने आपली वकिलात बंद केली. पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या तीनच देशांनी त्या राजवटीला मान्यता दिली. भारत उत्तरेकडील विरोधी आघाडीच्या पाठीशी राहिला. ताजिकिस्तानातील फारखोर येथे तिच्या जखमी सैनिकांसाठी भारताने रुग्णालयही चालवले. सरळ धोरण होते. दार बंद, खिडकी बंद.

त्याची किंमत २४ डिसेंबर १९९९ रोजी कळली. काठमांडूहून दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले आणि अमृतसर, लाहोर, दुबई असे करीत कंदाहारला जाऊन थांबले. कंदाहार म्हणजे तालिबानचे माहेरघर. तेथे आपली वकिलात नाही, ओळखीचा माणूस नाही. बोलणी सुरू करायला इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयातला अधिकारी पाठवावा लागला. विमानाभोवती तालिबानचे सशस्त्र लोक उभे होते. ते अपहरणकर्त्यांना अडवण्यासाठी उभे आहेत की आपल्या कमांडोंना, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. अखेर ३१ डिसेंबरला मसूद अझहरसह तीन दहशतवाद्यांना सोडावे लागले. ज्या सरकारचे अस्तित्व आपण मानत नव्हतो, त्याच्याच विमानतळावर आपले परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांना जावे लागले. अडला हरी... ही म्हण मी पुरी करीत नाही, कारण विमानात दीडशेहून अधिक जीव अडकले होते आणि दिल्लीत बसलेल्यांपुढे चांगला असा एकही पर्याय नव्हता. सुटलेल्या मसूद अझहरने पुढल्याच वर्षी जैश-ए-महंमद उभी केली. त्या संघटनेचे नाव संसदेवरील हल्ल्यापासून पुलवामापर्यंत आपण ऐकत आलो.

पुष्कळ जण यातून एवढाच अर्थ काढतात की तालिबानशी बोलणे नसल्यामुळे हे झाले. मला तो अर्थ पुरता पटत नाही. बोलणे असते तरी ते विमान कंदाहारलाच गेले असते आणि अपहरणकर्त्यांचे पाठीराखे जे होते तेच राहिले असते. पण बोलणे असते तर पहिले दोन-तीन दिवस ‘कोणाशी बोलायचे’ हे शोधण्यात गेले नसते, हे कबूल करावे लागते. परराष्ट्र धोरणात कधी कधी तेवढाच फरक असतो.

२००१ ते २०२१ ही वीस वर्षे मी थोडक्यात सांगते. अमेरिकेने तालिबानला हुसकावले, भारताने वकिलात पुन्हा उघडली आणि सुमारे ३ अब्ज डॉलर अफगाणिस्तानच्या उभारणीत घातले. झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, हेरात प्रांतातील सलमा धरण, काबूलमधील संसदेची इमारत ही त्यातली मोठी कामे. २००८ मध्ये काबूलच्या आपल्या वकिलातीवर आत्मघातकी हल्ला झाला, आपले अधिकारी मारले गेले, तरी वकिलात चालूच राहिली. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी, आपल्या स्वातंत्र्यदिनीच, राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी पळून गेले आणि तालिबान पुन्हा काबूलच्या राजवाड्यात बसले. भारताने बांधलेली संसद उभी होती. तिच्यात बसणारे उरले नाहीत.

या वेळी मात्र दिल्लीने १९९६ ची वाट धरली नाही. दोन दिवसांत वकिलातीतील माणसे परत आणली खरी. पण ३१ ऑगस्टलाच दोहा येथे आपल्या राजदूतांनी तालिबानचे नेते शेर महंमद अब्बास स्तानिकझाई यांची भेट घेतली. गंमत अशी की हे गृहस्थ १९८० च्या दशकात डेहराडूनच्या आपल्या लष्करी प्रबोधिनीतच शिकून गेलेले. जून २०२२ मध्ये काबूलला एक ‘तांत्रिक पथक’ पाठवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री दुबईला मुत्ताकींना भेटले. पहलगामच्या हल्ल्याचा तालिबानने निषेध केल्यावर मे महिन्यात परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे केले. मग ऑक्टोबरची दिल्लीभेट आणि त्याच महिन्यात तांत्रिक पथकाचे पुन्हा वकिलातीत रूपांतर.

येथे थोडा तपशील पाहण्यासारखा आहे. वकिलात उघडणे म्हणजे मान्यता देणे नव्हे काय? १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार राजदूत हा आपली अधिकारपत्रे थेट राष्ट्रप्रमुखाला सादर करतो. भारताच्या राष्ट्रपतींची सही असलेला कागद समोरच्या राष्ट्रप्रमुखाच्या हाती पडला, की त्याला राष्ट्रप्रमुख मानले असा अर्थ निघतो. परंतु वकिलात राजदूताशिवायही चालते. प्रभारी अधिकारी नेमला तर त्याचे पत्र एका परराष्ट्रमंत्र्याकडून दुसऱ्या परराष्ट्रमंत्र्याकडे जाते. राष्ट्रप्रमुखाचे नाव कोठे येत नाही. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवायचे, चहा द्यायचा, पण माजघरात न्यायचे नाही. चीन एक पायरी पुढे गेला. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी तालिबानच्या राजदूताची अधिकारपत्रे स्वीकारली, पण ‘मान्यता’ हा शब्द काही उच्चारला नाही. तो शब्द प्रथम उच्चारला रशियाने, जुलै २०२५ मध्ये. ओसरीपासून माजघरापर्यंत किती पायऱ्या असतात आणि प्रत्येक देश कोणत्या पायरीवर उभा आहे, हे पाहिले म्हणजे मान्यता ही ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी एका शब्दाची गोष्ट नव्हे हे ध्यानात येते.

मदतीचा पेच याहून अवघड. काबूल पडताच अफगाण मध्यवर्ती बँकेचे अमेरिकेत ठेवलेले सुमारे ७ अब्ज डॉलर गोठवले गेले. हेतू असा की तालिबानच्या हाती पैसा पडू नये. पण बँका थंडावल्या, शिक्षकांचे आणि डॉक्टरांचे पगार थांबले, आणि हिवाळा तोंडावर आला. तालिबानचा शिपाई उपाशी राहिला नसेल. उपाशी राहिली ती शिक्षकांची घरे. शेवटी युनोला डॉलरच्या नोटांच्या थप्प्या विमानात घालून काबूलला न्याव्या लागल्या. भारताने ५०,००० टन गहू देऊ केला. नकाशावर भारताची आणि अफगाणिस्तानची सीमा १०६ किलोमीटर लागून आहे, पण ती सगळी पाकव्याप्त काश्मिरात. त्यामुळे गहू पाकिस्तानमधून जाणार, आणि परवानगीची व वाहनांची बोलणी महिनोन्‌महिने चालली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीहून ५० अफगाण ट्रक २५०० टन गहू घेऊन निघाले. तो गहू तालिबानच्या गोदामात न जाता युनोच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे जालालाबादला सोपवायचा, अशी व्यवस्था होती. पुढचा काही गहू इराणच्या चाबहार बंदरातून गेला. राज्यकर्त्याला टाळून रयतेला धान्य पोचवण्याचा हा मार्ग चांगला. तथापि पुरता टाळता येत नाही. ट्रक ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावरचे नाके तालिबानचेच असतात.

पाकिस्तानची कथा या सगळ्यात उपरोधाने भरलेली आहे. २०२१ मध्ये इस्लामाबादला आनंद झाला होता; तत्कालीन पंतप्रधान इम्रान खान यांनी अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या अशा अर्थाचे उद्गार काढले होते. पण १८९३ ची ड्युरंड रेषा काबूलच्या एकाही सरकारने मनापासून मानली नाही, आणि तालिबानही पठाणच. पाकिस्तानी तालिबानचे हल्ले वाढले, पाकिस्तानने २०२३ पासून लाखो अफगाण निर्वासितांना परत धाडले, आणि मुत्ताकी दिल्लीत असतानाच ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या सीमेवर तोफा धडाडल्या. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे कौटिल्याचे मंडल आम्हां राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते, आणि त्या दिवसांत ते ज्याच्या त्याच्या तोंडी होते. पण त्याच कौटिल्याने परराष्ट्र धोरणाचे सहा गुण सांगितले, त्यांत ‘आसन’ही आहे; म्हणजे न लढता, न मिठी मारता आपल्या जागी बसून राहणे. ते मात्र कोणाला आठवत नाही. परीक्षेतही बहुतेक जण तेवढा एक विसरतात.

मला विचाराल तर मुख्य प्रश्न वेगळाच आहे. मान्यता हे हातातले हुकमाचे पान आहे, ते राखून ठेवले तर तालिबान आपले वागणे बदलेल, असे २०२१ पासून जगातील मुत्सद्दी सांगत आले. बदलले का? २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असे जाहीर झाले. मुली दप्तरे घेऊन वर्गात बसल्या, आणि काही तासांत त्यांना घरी पाठवण्यात आले. काबूलमधल्या मंत्र्यांना शाळा उघडायच्या असाव्यात. कंदाहारला बसलेले सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादा यांना ते मान्य नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठांची दारेही मुलींना बंद झाली. ज्या माणसाला जगाच्या मान्यतेची पर्वाच नाही, त्याच्यासमोर मान्यतेचे पान धरून काय उपयोग? सौदा करायला समोरच्यालाही ती वस्तू हवी असावी लागते.

येथे मी तटस्थपणे लिहू शकत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये माझ्या वयाची जी मुलगी काबूलला नववीत होती, तिची नववी पुरी झालीच नाही. आम्ही दोघींनी इतिहासाचे पुस्तक कदाचित एकाच महिन्यात उघडले असेल. आज मी या अंकासाठी लेख लिहिते आहे. म्हणून दिल्लीतील त्या पहिल्या पत्रकार परिषदेला एकाही महिला पत्रकाराला बोलावले नव्हते हे वाचले, तेव्हा मला राग आला. परराष्ट्र खात्याने त्या परिषदेशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. वकिलातीच्या आवारात आपला कायदा सहजी चालत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच. परंतु गवगवा झाल्यावर दोनच दिवसांनी दुसरी परिषद भरली आणि तीत महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसून प्रश्न विचारत होत्या. म्हणजे मागितले तर मिळते. निदान दिल्लीत तरी मिळते.

तेव्हा बोलणी करू नयेत, असे मी म्हणणार नाही. कंदाहारचा धडा मोठा आहे. माझी तक्रार आहे ती बोलण्यात काय मागितले जाते याबद्दल. जुलै २०२५ मध्ये अफगाणिस्तानातील परिस्थितीवर, विशेषतः तेथील स्त्रियांच्या दडपशाहीवर, युनोच्या आमसभेत ठराव आला. ११६ राष्ट्रांनी बाजूने मत दिले, भारत तटस्थ राहिला. केवळ शिक्षेने काही साधत नाही, असे आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे होते. ते अर्धे खरे आहे, वर मीच ते लिहिले. पण शिक्षेने साधत नाही, तर कशाने साधते ते आपण करून दाखवायला हवे.

आणि ते करणे आपल्या हातात होते. पुण्यात अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले आहेत. तेथील महाविद्यालयांत ती मुले नवलाची नव्हती. काबूल पडल्यावर दहा दिवसांत भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे पूर्वीचे सगळे व्हिसा रद्द केले. कोविडच्या काळात घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. सुरक्षेचे कारण समजते, पण त्यांचे प्रवेश, त्यांचे अर्धवट राहिलेले सत्र, यांचा तालिबानशी काय संबंध? तालिबानला ओसरी मिळाली आणि तालिबानला भिऊन शिकू पाहणाऱ्यांना फाटकाबाहेर ठेवले, असा त्या काळचा देखावा दिसतो. अफगाण नागरिकांसाठी व्हिसाची नवी व्यवस्था आली ती २०२५ मध्ये. याच सुमारास मुंबईतील अफगाण वाणिज्य दूतावासात तालिबानने नेमलेला अधिकारी कामाला लागला होता. परक्या मुलखात विद्यार्थ्याला पासपोर्टसाठी आणि कागद साक्षांकित करण्यासाठी आपल्या दूतावासाची खिडकी लागते. मान्यता असो वा नसो, खिडकीपलीकडचा माणूस बदललेला असतो.

मुलींसाठी नुसता व्हिसाही पुरत नाही. लांबच्या प्रवासाला घरचा पुरुष सोबत हवा, असा तालिबानचा नियम. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईत शिकायला निघालेल्या मुलींना काबूलच्या विमानतळावरून परत फिरवले गेले. मग उरतो तो घरबसल्या शिकण्याचा मार्ग. भारताने अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन पदव्यांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या आहेत. ही गोष्ट फारशी बातम्यांत येत नाही. माझ्या मते सलमा धरणाच्या खालोखाल तिला महत्त्व दिले पाहिजे, त्यातल्या अधिकाधिक जागा मुलींना मिळाव्यात, आणि ज्या घरी इंटरनेट नाही तेथे ती कशी पोचेल हा विषय पुढच्या बैठकीत चाबहारच्या शेजारी मांडला पाहिजे.

काबूलला ऐकणारे कोणीच नाही असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये खोस्त येथील एका मदरशातल्या समारंभात तालिबानच्याच एका उपमंत्र्याने जाहीरपणे सांगितले की मुलींना शिक्षण नाकारण्याला कोणतेही समर्थन नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला देश सोडावा लागल्याच्या बातम्या आल्या. त्याचे नाव शेर महंमद अब्बास स्तानिकझाई. डेहराडूनला शिकलेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दोह्याला आपल्या राजदूतांसमोर बसलेले गृहस्थ ते हेच.